नको म्हटलं की येणारा कुत्रा

शनिवार, ४ ऑक्टोबर

तंबू उभा राहिला. एक दांडी उरली. मेहुण्याने तंबू देताना सांगितलं होतं, "काही उरणार नाही, काही कमी पडणार नाही." उरली. गाडीत टाकली.

जंगलातला मुक्काम. जागा क्रमांक नऊ. एक लाकडी टेबल, दोन बाक, चुलीसाठी तीन दगड, आणि पाट्या. पाट्या फार. कुत्रा साखळीला बांधावा. कुत्र्याने भुंकू नये. कुत्र्याची घाण मालकाने उचलावी. वनरक्षक येऊन हेच सगळं पुन्हा तोंडी सांगून गेला. मी म्हटलं, मालक मी नाही. तो म्हणाला, "मग उचलणार कोण?" मी म्हटलं, मीच.

कुत्र्याचं नाव पाहुणा. सासऱ्यांचा. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी दोन दिवसांसाठी त्यांच्याकडे ठेवून गेलं, ते परत आलंच नाही. सासूबाई होत्या तोवर रोज विचारायच्या, हा जाणार कधी. सासूबाई गेल्या, त्यालाही तीन वर्षं झाली. हा आहे.

मार्चमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एक सोडून — 'नको'. हॉस्पिटलमधून ते थेट शुश्रूषा केंद्रात गेले आणि पाहुणा थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर. केंद्रात कुत्रा चालत नाही. आमच्याकडेही चालत नाहीच. आम्ही दोघं कामावर जातो, तो दिवसभर रडतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तीनदा लेखी कळवलंय. तिसऱ्या पत्रात 'कृपया' नव्हतं.

शेवटी बायकोने केंद्रात जाऊन वडिलांनाच विचारलं. "बाबा, पाहुण्याला ठेवू ना आमच्याकडे?" ते म्हणाले, "नको." तिने पुन्हा विचारलं. "नको, नको." मग तिने जागा शोधली. नदीपलीकडे एक वखारवाला आहे. लाकडांची वखार, मोठं आवार. घ्यायला तयार आहे, फक्त म्हणाला, कुत्रा ऐकणारा हवा. पुढच्या रविवारी, बारा तारखेला द्यायचा ठरलाय.

मी कवळ्या बनवतो. लॅबमध्ये फरशी बदलतायत, म्हणून दहा दिवस सुट्टी. त्यामुळे ही कामगिरी माझ्याकडे — त्याला उघड्यावर राहायची सवय लावायची आणि ऐकायला शिकवायचं. बायको म्हणाली, "कुणीतरी तुझं ऐकेल, तेवढंच."

निघताना तिने त्याची ताटली दोनदा घासली.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी साखळीचा आकडा निघाला. पाहुणा झाडीत. मी "पाहुणा, पाहुणा" करत हिंडतोय. जागा सातमधला एक गृहस्थ तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "कोण पाहुणे आले?" मी म्हटलं, आले नाहीत, गेले. तो चूळ भरायला गेला.

सापडला शेजारीच, जागा दहावर. तिथे साठीच्या एक बाई, एकट्या, दोन कुत्रे घेऊन. बस कंडक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांचे कुत्रे पुतळ्यासारखे बसलेले. बाई जिभेने एकदा 'टक' करतात, दोघं थांबतात. दोनदा 'टक टक', दोघं चालायला लागतात. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. मी विचारलं, मागे घ्यायला काय? म्हणाल्या, "बस मागे घ्यायची असली तर मी खाली उतरायची. इथेही उतरते."

त्यांच्या हातात उकडलेलं अंडं होतं. पाहुणा समोर जाऊन उभा. बाई म्हणाल्या, "नको रे, माझं आहे ते." पाहुण्याने पुढे होऊन त्यांच्या हातातून अंडं घेतलं. ओरबाडलं नाही. अगदी दिल्यासारखं घेतलं. बाई रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या. मी माफी मागितली. म्हणाल्या, "बेशिस्त आहे, पण घरंदाज आहे."

दिवसभर 'ये' शिकवलं. तो बसून माझ्याकडे बघतो. मी पुन्हा म्हणतो, ये. तो मागे वळून बघतो, मी आणखी कुणाला बोलावतोय का म्हणून.

सोमवार, ६ ऑक्टोबर

'ये' — चाळीस वेळा. आला नाही. मीच गेलो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

चढावर, पाण्याच्या टाकीपाशी फोनला रेंज येते. संध्याकाळी पाचला बायकोचा व्हिडिओ कॉल, केंद्रातून. सासरे खुर्चीत. दाढी केलेली, वरचे दात लावलेले. माझेच आहेत ते. म्हणजे मीच बनवलेले. डावीकडे थोडे उचललेत, आल्यावर घासून द्यायला हवेत.

बायकोने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. मी पाहुण्याला उचलून दाखवलं. बावीस किलो आहे. सासऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "नको." मग "नको, नको, नको." पाहुण्याचे कान उभे. माझ्या हातातून सुटला, फोनला नाक लावलं, पडदा चाटून ओला केला. सासऱ्यांचा डावा हात खुर्चीखाली गेला, दिसेनासा झाला. बायको म्हणाली, "बाबा, काय पडलं?" तिने वाकून बघितलं. काही पडलं नव्हतं.

मग फोन स्वतःकडे वळवून मला म्हणाली, "बघितलंस? अजूनही नकोच म्हणतायत. मी आपली उगाच आशा लावून बसले होते." मी म्हटलं, रविवारी सोडतोच आहे. ती म्हणाली, "हो, माहितीये मला." फोन ठेवला.

मी पडदा पुसला. पाहुणा चढ उतरायला तयार होईना. टाकीपाशी पाऊण तास बसलो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मुक्काम हलवला. आता नदीकाठी. तंबू तोच, यावेळी दोन दांड्या उरल्या.

दुपारी कंडक्टर बाईही येऊन दाखल. म्हणाल्या, "माझाही रूट हाच." शेजारचीच जागा घेतली. मला बरं वाटलं. हे इथे लिहितोय, त्यांना सांगितलं नाही.

चारच्या सुमारास पाहुणा पाण्यात गेला. काठाला पाणी संथ होतं, पण तो बदकामागे मध्यावर पोहोचला, आणि तिथे धार आहे. डोकं तेवढं दिसत होतं, तेही सरकत होतं. मी काठाने पळत सुटलो. पाहुणा, ये! इकडे! ये! काही नाही. बाईंनी टक केलं, टक टक केलं. काही नाही. पोहता मला येत नाही. काय ओरडावं सुचेना, मी ओरडलो, "नको! अरे नको, नको!"

तो वळला. सरळ रेषेत, धार कापत, माझ्याकडे पोहत आला. वर येऊन अंग झटकलं, समोर बसला, आणि माझ्या उजव्या हाताकडे बघायला लागला. हातात काही नव्हतं. मी त्याला धरून बसलो. शर्ट ओला झाला.

बाई मग म्हणाल्या, "अहो, तुमच्या कुत्र्याच्या भाषेत 'नको' म्हणजे 'ये' आहे."

मी म्हटलं, असं कसं असेल. म्हणाल्या, "बघू या." त्यांच्या पिशवीत जुना तिकिटांचा पंच आहे, अजून बाळगतात. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिशेब. मी लांब जाऊन म्हणायचं, तो आला की त्या भोक पाडणार. रागाने म्हटलं. हळू म्हटलं. पाठ करून म्हटलं. अकरा वेळा म्हटलं, अकरा भोकं पडली. दर वेळी येतो, बसतो, हाताकडे बघतो.

पुठ्ठा बाईंनी मला दिला. म्हणाल्या, "ठेवा. कुणी विचारलं तर दाखवता येईल."

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बायकोला फोन. इथे रेंज आहे, नाक्यावरच्या दुकानापाशी. सगळं सांगितलं. नदीचा भाग जरा आटोपता सांगितला.

ती हसायला लागली. मार्चनंतर पहिल्यांदा. हसता हसता म्हणाली, "अरे देवा, टेबल!" आईला कुत्र्याने माणसांच्या जेवणात तोंड घातलेलं चालायचं नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, देऊ नका हो त्याला. बाबा मोठ्याने म्हणायचे, "नको रे पाहुण्या, नको, नको!" — आईला ऐकू जावं म्हणून. आणि टेबलाखालून पाव द्यायचे. रोज. दोन्ही वेळेला. "आईला वाटायचं, काय शिस्त लावलीये यांनी. आई गेली तरी बाबांची सवय गेली नाही. ओरडायला कुणी नाही, आणि हे आपले नको नको म्हणत पाव देतायत."

मीही हसलो. मग हसायचं संपलं. दुकानदार बाहेर येऊन विचारून गेला, काही हवंय का.

ती म्हणाली, "फोन ठेवते." मी म्हटलं, ठेव.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज ठरवलं, तो शब्द दिवसभर उच्चारायचा नाही. जमत नाही. आपण हा शब्द किती वापरतो ते आज कळलं. बाईंनी चहा विचारला — नको, आत्ताच झाला. पाहुणा मांडीवर. दुकानदाराने पिशवी विचारली — नको. पाहुण्याने त्याच्या काउंटरवर पाय ठेवले. शेजारच्या तंबूतली आई मुलीला म्हणाली, पाण्यात जाऊ नकोस. 'नकोस'लाही येतो. ती मुलगी घाबरून रडली. मी तिला म्हटलं, घाबरू नको. व्हायचं तेच झालं. ते कुटुंब वरच्या जागेवर राहायला गेलं.

दुपारी एक गोष्ट डोक्यात आली आणि जेवण गेलं नाही. वखारीत करवत असते. कुत्रा जवळ यायला लागला तर करवतीवरचा माणूस काय ओरडेल? तोच शब्द ओरडेल. आणि हा सरळ त्याच्या हाताशी जाईल.

वखारवाल्याला फोन केला. म्हटलं, एक विनंती आहे, त्याला नको म्हणू नका. तो म्हणाला, "मग काय म्हणू?" मी म्हटलं, काहीही म्हणा, पण तो शब्द नाही. त्याने विचारलं, कामगारांनाही सांगायचं का? मी म्हटलं, सगळ्यांना. मग म्हणाला, "साहेब, कुत्रा ऐकणारा आहे ना?" मी म्हटलं, फार ऐकतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस मनात येत होतं ते आज केलं. केंद्रात फोन लावला. बायकोला न सांगता.

सासऱ्यांच्या खोलीचं सगळं बघणाऱ्या मावशी आहेत, त्यांनी उचलला. "कोण? आजोबांचे जावई का?" मी म्हटलं, हो. मग काय विचारायचं ते सुचेना. शेवटी म्हटलं, मावशी, त्यांना चहा हवा का असं तुम्ही विचारता तेव्हा ते काय म्हणतात?

"नको म्हणतात."

मग तुम्ही काय करता?

"देते की. नको म्हणतात आणि कपाला हात घालतात. नको नको करत सगळा पितात. बिस्किटाचंही तसंच. इंजेक्शनला नको म्हणतात तेव्हा तोंड भिंतीकडे करतात. ते खरं. तोंडाकडे बघायचं हो, शब्दाकडे काय बघायचं? एकच राहिलाय बिचाऱ्यांकडे, सगळ्याला तोच पुरवतात." आणि मग म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, घरच्यांना ठाऊक असेल."

मी म्हटलं, हो, हो, ठाऊक आहे. फोन ठेवला.

वीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघण्याचाच माझा धंदा आहे.

तंबू उतरवला. कंडक्टर बाईंनी घड्या घालायला मदत केली. त्यांना सगळं सांगितलं, इतके दिवस का आलो होतो तेही. त्या म्हणाल्या, "म्हणजे वखार रद्द?" मी म्हटलं, आधी विचारायला हवं. म्हणाल्या, "कुणाला?" मी म्हटलं, ज्यांचा आहे त्यांना. त्यांनी पाहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला, एक अंडं दिलं. या वेळी खरंच दिलं. मग गाडीच्या टपावर दोनदा टकटक केलं. आम्ही निघालो.

रविवार, १२ ऑक्टोबर

वखारवाल्याला सकाळीच कळवलं. त्याला वाईट वाटलं असं दिसलं नाही. म्हणाला, "आमच्या घरच्यांना मांजरच हवी होती."

बायकोला घेऊन केंद्रात. पाहुण्याला आत घेईनात. पहारेकऱ्याने पाटी दाखवली. मावशी म्हणाल्या, पाटी फाटकाच्या आत आहे ना, मग आम्ही बाहेर येतो. चाकाची खुर्ची ढकलत सासऱ्यांना फाटकाबाहेर, फुटपाथवर आणलं. पायावर शाल घातलेली. मी गाडीचं दार उघडलं.

सासऱ्यांनी बघितलं. "नको," म्हणाले.

पाहुणा धावला नाही. मला वाटलं होतं धावेल. चालत गेला, खुर्चीला एक फेरी घातली, आणि डाव्या चाकाशी बसला. सासऱ्यांचा डावा हात खाली गेला, शालीखालून, कुणाला दिसू नये असा. हात रिकामा होता. पाहुण्याने तो चाटला. "नको," ते म्हणाले. "नको, नको, नको." तोंडभर हसत होते. एक बाजूच हसते आता, पण हसत होते.

बायको फुटपाथवर गुडघ्यावर बसली. "बाबा, पाहुण्याला आमच्याकडे ठेवू?"

"नको." आणि तिच्या डोक्यावर थोपटलं.

ती रडायला लागली. मलाही रडू आलं, मी गाडीत काहीतरी शोधतोय असं केलं. दोन दांड्या होत्या. मावशी म्हणाल्या, आता रोज चारला या, फाटकाबाहेर मी आणत जाईन. खालच्या मजल्यावरच्या बाईंसाठी बायकोने तिथल्या तिथे उपाय काढला. ती कामावर सकाळची पाळी घेणार, मी दुपारची, लॅबमध्ये सांगून. तो एकटा राहणार नाही. इतकं सोपं होतं. सात महिन्यांत सुचलं नव्हतं.

निघायची वेळ झाली. मी पाहुण्याची साखळी धरली. सासऱ्यांनी तोंड फिरवलं, भिंतीकडे. "नको." हा खरा होता. मला लगेच कळला. आणखी अर्धा तास थांबलो.

घरी येताना बायको म्हणाली, "आपण त्यांना काय काय विचारलं रे, इतक्या महिन्यांत?" आणि एकेक आठवत बसली. रेडिओ आणू का. खिडकीशी पलंग हलवू का. मी गाडी चालवत होतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

तिला माहीत नसलेला एक प्रश्न आहे. मार्चमध्ये, हॉस्पिटलमधून सोडायच्या दिवशी, ती औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी विचारलं, "बाबा, आमच्याकडे येता राहायला?" ते म्हणाले, "नको." ती वर आल्यावर मी सांगितलं, मी विचारलं होतं, ते स्वतःच नको म्हणाले.

'नको' म्हणताना त्यांनी माझी बाही धरली होती. डाव्या हाताने. एकेक बोट सोडवावं लागलं.